बाबांचा घसा

१४ जून, अंबोहिमारिना

नवी वही. मागच्या वहीच्या पहिल्या पानावर 'रोज लिहीन' असं लिहिलं होतं आणि पुढे एकवीस पानं कोरी. या खेपेला तसलं काही लिहीत नाही.

हंगामातला पहिला सामना काल झाला: यजमान पूर्वजांना थडग्यातून काढून नवं रेशीम गुंडाळणार आणि त्या सोहळ्याला दोन फड समोरासमोर. समोर रावेलुकाकांचा फड होता. आमच्याकडून कबारी, म्हणजे गाण्याआधीचं भाषण, नेहमीप्रमाणे बाबांनी केली. बाबा माझे सासरे आहेत, तरी लिहितो: रिंगणात उभं राहून तासभर बोलायचं आणि हजार माणसांना हलू द्यायचं नाही, हे या डोंगरांत दुसऱ्या कुणाला जमत नाही. त्यांचं वय बहात्तर.

काल मात्र यजमानांच्या पूर्वजांची नावं घेताना बाबा चौथ्या नावानंतर थांबले. हातातल्या काठीकडे बघत राहिले. गर्दी इतकी गप्प झाली की शेंगा सोलणारेही थांबले. मी अकरा वर्षं शाळेत शिकवलं, पण एवढी शांतता मला एकाही वर्गात साधली नाही. आणि नेमक्या त्याच वेळी माझी मेव्हणी हांता हिने गाणं उचललं, पाठोपाठ ढोल सुरू झाला. सगळा परिणाम गेला. नंतर मी तिला म्हणालो, "इतकी घाई कशाला केलीस?"

"भाऊजी, तुम्ही आपलं व्हायोलिन सुरात लावा," एवढंच म्हणाली.

बाबांना विचारलं, ते का थांबले होते. म्हणाले, "लोकांची परीक्षा घेत होतो."

शिकण्यासारखं आहे.

२ जुलै, रस्त्यात

अंतसिराबेहून पत्र आलं. माझा जुना सहकारी आता एका नव्या शाळेचा मुख्याध्यापक झालाय. इतिहास आणि साहित्य शिकवायला माणूस हवाय, राहायला दोन खोल्या मिळतील, पंधरा ऑगस्टच्या आत कळव. माझी आधीची शाळा दोन वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून मी सासऱ्यांच्या फडात दुसरं व्हायोलिन वाजवतो. फडात व्हायोलिनं दोनच आहेत.

पत्र व्हॅनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. लपवून ठेवणं बरं वाटेना.

"चला, एका सुराची कटकट गेली," हांता म्हणाली.

थोरला मेव्हणा त्सिरी ट्रम्पेट पुसत होता. तो महिन्यातून दहा वाक्यं बोलतो; त्यातलं एक आज खर्च केलं. "खोल्यांना छप्पर कसलं आहे?"

"कुठली शाळा?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं. घाट चढून झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "कुठल्या शाळेचं म्हणालास?" जुन्या व्हॅनमध्ये इंजिनापुढे काही ऐकू येत नाही.

आमची निरिना सतरा वर्षांची आहे. अंतसिराबेला माझ्या बहिणीकडे राहून शिकते. हंगामात महिन्यातून एकदा भेट होते. नोकरी घेतली तर रोज होईल. हे एकच कारण पुरेसं असायला हवं. मग मी दुसरी कारणं का शोधतोय?

माझ्या बायकोने, वुआंगीने, विचारलं, "तुला काय हवंय?"

"काय योग्य आहे ते आधी ठरवायला हवं."

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बावीस वर्षांच्या संसारात तिने मला हेच वाक्य कितीदा ऐकवलंय.

४ जुलै, मानालालुंदु

बाबांचा आवाज गेला.

काल रात्रीपर्यंत ठीक होते. सकाळी उठले तर नुसती कुजबुज. आलं, मध, करपलेल्या भाताचं गरम पाणी, सगळं करून झालं. दुर्दैव बघा, पत्र आलं आणि दोनच दिवसांत हे. बोलणारा नसेल तर फड कसला? नुसतं गाणं ऐकायचं तर लोक भोंगे आणि गाणी वाजवणारे डबे भाड्याने आणतात, हल्ली आणतातच. आपल्याला बोलावतात ते कबारीसाठी.

सामना उद्याच. रीतीप्रमाणे शब्द, म्हणजे बोलायचा मान, थोरल्या मुलाकडे जातो. त्सिरीने डोकं हलवून ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि लावूनच ठेवलं. बाबांनी काठी माझ्याकडे केली.

मी म्हणालो, "बाबा, मी जावई. माझा हक्क नाही."

बाबा कुजबुजले, "हक्काचं कोण बोलतंय? तोंड आहे ना?"

५ जुलै

लिहायची लाज वाटते, म्हणून लिहितो.

कबारीची सुरुवात माफीने होते. मी थोरला नाही, मी शहाणा नाही, माझ्याआधी बोलायचा मान असलेली माणसं इथे बसली आहेत, तरी शब्द हाती घेतोय, त्याचा दोष वाऱ्याने न्यावा, पाण्याने धुवावा. बाबा हे पाच मिनिटांत करतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपलीच माफी मागितली.

मी उत्तरेला बसलेल्या वडीलधाऱ्यांपासून सुरुवात केली. मग यजमानांचे पूर्वज, सात पिढ्या, नावानिशी. ती मी सकाळी घरोघरी फिरून पाठ केली होती. मग वाटलं, आईकडच्या पूर्वजांना वगळणं अन्यायाचं होईल. मग त्या घरात आलेल्या सुना. मग दक्षिणेला बसलेल्या बायका. मग रावेलुकाकांचा फड, आणि त्यांचे गुरू, जे हयात नाहीत. जे आजारी असल्यामुळे येऊ शकले नाहीत ते. पंगतीसाठी मारलेल्या बैलांचीही आठवण झाली, कारण त्यांच्यामुळे तर आपण जमलो.

समोरून रावेलुकाका ओरडले, "मास्तर, माफ केलं! सगळ्यांनी माफ केलं! मेलेल्यांनी पण केलं! आता विषयावर या, भात निवतोय!"

हसण्याचा लोट आला. यजमानांनी आम्हाला जेवणाआधीची वेळ दिली होती. माझी माफी आणि त्यांचा भात एकदमच झाले. लोक उठून पानांवर बसले. आम्ही गाणंसुद्धा न म्हणता हरलो. फडाच्या छत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, असं हांता म्हणते.

बैलगाडीतून व्हॅनपर्यंत येताना तीच म्हणाली, "भाऊजी, बैलांची माफी मागितलीत, गाडीच्या चाकांची राहिली बघा."

त्सिरी हसला. मला त्याचा आवाज ओळखू आला नाही, इतका तो क्वचित हसतो.

बाबा माझ्या शेजारी लांबा शाल पांघरून बसले होते. मग कुजबुजले, "एकही नाव चुकला नाहीस."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मोठा माणूस.

८ जुलै, बेताफु

बाबांना दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी टॉर्च लावून घसा पाहिला आणि म्हणाल्या, "हा घसा माझ्यापेक्षा बरा आहे." नवीन असाव्यात. आल्याचा काढा चालू ठेवलाय.

वुआंगी म्हणाली, "सकाळी कोंबड्यांना हाकलत होते. कोंबड्यांना नीट ऐकू गेलं."

"कष्टाने आवाज काढत असतील. तू त्यांना ओरडू देऊ नकोस."

ती उठून तांदूळ निवडायला गेली.

११ जुलै

बाबा मला रोज सकाळी शिकवतात. ऊन पाठीवर येईल असे बसतो. ते कुजबुजतात, मी मोठ्याने म्हणतो. वही काढू देत नाहीत. "कागदाकडे बघून बोलणारा माणूस लोकांकडे कधी बघणार?" पहिल्या दिवशी मी गुपचूप पेन्सिल काढली तर काठीने ती उडवली. कबारी तोंडातून कानात जायची, मधे काही नको. त्यांच्या वडिलांनी त्यांना तशीच दिली.

मधेच थांबतात आणि माझ्याकडे बघतात. "पुढे?"

मी पुढचं सांगतो.

"बरोबर. परीक्षा घेत होतो."

आज अशा सात परीक्षा झाल्या. शिक्षक म्हणून सांगतो, पद्धत उत्तम आहे. मी मुलांना आधी सगळं सांगून मग विचारायचो. हे सांगता सांगताच विचारतात. विद्यार्थ्याला डुलकी काढता येत नाही.

१९ जुलै, फारात्सिहुच्या वाटेवर

जुलैची थंडी; पहाटे गवत दवाने पांढरं होतं. बोटं इतकी गारठली की व्हायोलिनच्या खुंट्या फिरेनात. मुक्काम नेहमीसारखा गावच्या शाळेत. बाकं भिंतीला सरकवली, मधे चटया. फळ्यावर भागाकाराचं एक गणित चुकलेलं होतं, ते मी दुरुस्त केलं. मग वाटलं, तिथल्या मास्तरांना ते मुलांकडूनच दुरुस्त करून घ्यायचं असेल तर? पुसलं आणि पुन्हा चुकीचं लिहून ठेवलं. हे सगळं वुआंगीने पाहिलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकवून हसत राहिली.

न्याहरीला तांदळाच्या पिठाचे गरम गोल मुफु, राखेत भाजलेले बटाटे. हांता आणि तिच्या दोघी मैत्रिणी झगे उन्हात पसरून उसवलेल्या झालरी शिवत होत्या आणि शिवता शिवता एका सुरात गात होत्या. त्सिरी पुरुषांचे लाल कोट घेऊन बसला होता. कोपरांचा रंग इतका उडालाय की तो त्यावर लाल शाई लावतो. पाऊस आला तर आम्ही सगळे गुलाबी होऊ.

मला आज फार चांगलं वाटलं. कशामुळे, याचा विचार केला. घर नाही, पगार नाही, मुलगी दूर, सासरे आजारी. बरं वाटण्यासारखं काही नाही. कदाचित पुढच्या आठवड्यात मला बोलायला मिळणार आहे म्हणून बरं वाटत असेल. तसं असेल तर हा अहंकार झाला. आजारी माणसाच्या जागेवर उभं राहून आपल्याला आनंद व्हावा, हे बरोबर नाही.

पण बटाटे छान होते.

२७ जुलै

माझा दुसरा सामना. माफी मी कापून कापून चार मिनिटांवर आणली होती. मुख्य भाग सुरू केला, जमतही होतं, तेवढ्यात यजमानांकडचे एक म्हातारे हात वर करून उभे राहिले.

"एक मिनिट, मास्तर. शब्द थोरल्या मेव्हण्याचा. तो मागे भोंगा घेऊन उभा आहे. त्याला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. गेल्या खेपेला बैलांना विचारलं होतं आणि या खेपेला त्सिरीला नाही! तिथेच वळलो, वाकलो, त्सिरीची माफी मागितली. आता तोंडाने उत्तर देणं त्याला भाग होतं. तो लाल झाला. म्हणाला, "घे. आणि परत देऊ नकोस."

लोकांनी टोप्या उडवल्या. त्यानंतर मी कसा बोललो ते आठवत नाही, पण कुणी भाताकडे गेलं नाही. बरोबरीत सुटलो.

समाधान मानून झोपावं, तर एक काटा रुतून बसलाय. ज्याचा शब्द आपण घेतो तो माणूस जिवंत आणि समोर असेल, तर त्याचं नाव घेऊन विचारायचं असतं. त्याने उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं असतं. मान हलवलेली चालत नाही. बाबांना मी अजून तसं विचारलेलं नाही. आवाज नाही, म्हणून कुणी आग्रह धरला नाही. पण मग माझं बोलणं उसनंच की.

३ ऑगस्ट

बाबांनी आज मला दोनदा एकच धडा दिला. मी बोललो नाही. दुसऱ्यांदा जास्त चांगला सांगितला.

९ ऑगस्ट, सुआवीनाच्या अलीकडे

ठरवलं.

बारा तारखेला सुआवीनाला मोठा सोहळा आहे. तीन थडगी उघडणार, एकवीस पूर्वजांना नवं रेशीम. पुन्हा रावेलुकाकांचा फड समोर. तिथे मी बाबांचं नाव घेऊन विचारणार. उत्तर आलं तर बोलेन. आलं नाही तर शब्द माझा नाही. काठी खाली ठेवून बसेन आणि शाळेला होकार कळवेन.

असा निर्णय दुसऱ्यावर सोपवणं हे पळपुटेपण आहे का? असेल. शिवाय ज्याचा घसा बसलाय त्याच्याकडून उत्तर मागणं क्रूरपणाचंही आहे. पण न विचारता बोलत राहणं त्याहून वाईट. वुआंगीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, तुला काय हवंय.

मला काय हवंय ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

१३ ऑगस्ट, सुआवीना

काल लिहिता आलं नाही.

रिंगण भरलं होतं, लोक झाडांवर, गाड्यांच्या टपांवर. रावेलुकाका आधी बोलले आणि सुंदर बोलले. मग आमचा ढोल. मी मधे गेलो. वडीलधारे, पूर्वज, सुना, त्सिरी, सगळ्यांची माफी झाली. मग मी ईशान्येला वळलो. तिथे यजमानांच्या म्हाताऱ्यांबरोबर बाबा चटईवर बसले होते.

मी म्हणालो, "रैनिझाफी, माझ्या बायकोचे वडील, हा शब्द तुमचा आहे. तुम्ही समोर असताना तो मी दोनदा तोंडात घेतला आणि तुम्हाला विचारलं नाही. आज विचारतो. तुम्ही उत्तर दिलंत तर बोलेन. नाही दिलंत तर ही काठी इथे ठेवीन आणि घरी जाईन. दोष माझा."

हांताच्या हातातला पंखा थांबला. बाबा माझ्याकडे बघत होते. फार वेळ. जूनमध्ये ते काठीकडे बघत राहिले होते तसेच. मला वाटलं संपलं. मी काठी ठेवायला वाकलो.

तेवढ्यात बाबा उठले.

"उचल ती!"

कुजबुज नव्हती. तो आवाज समोरच्या टेकडीवर जाऊन परत आला. पुढे म्हणाले, आणि हे मी शब्द न शब्द लिहून ठेवतो:

"उचल ती, रातुवु! आपण दोघं निघालो तेव्हा आपल्याकडे एक ढोल होता आणि दोघांत मिळून एक कोट. तेव्हा मी तुला विचारलं होतं का? तुझा शब्द तो माझा. माझा संपला तिथून तुझा. दोष मी घेतला. वारा नेईल. बोल!"

आणि खाली बसले.

रातुवु म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. दोघांनी मिळून फड उभा केला. काकांना जाऊन बारा वर्षं झाली. पूर्वजांना बाहेर काढण्याच्या दिवशी, भरल्या रिंगणात, आपल्या गेलेल्या भावाचं नाव जावयाला देणं, याहून मोठा मान मी ऐकलेला नाही. गर्दीलाही तो कळला. बायका रडायला लागल्या. रावेलुकाकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि शेवटपर्यंत घातली नाही. वुआंगीने लांब्याचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं.

मी बोललो. माफी मागणाऱ्या माणसांवर बोललो, जे दोष लागेल म्हणून कशालाच हात लावत नाहीत. त्यांना शब्द कुणीतरी हातात कोंबावा लागतो. लोक हसले, माझ्यावर, आणि मला ते आवडलं. जेवणाची हाक आली तरी कुणी उठेना. हांता गायली तेव्हा रावेलुकाकांचे लोकसुद्धा टाळ्या देत होते.

संध्याकाळी रावेलुकाका स्वतः आमच्याकडे आले. बाबांशेजारी बसून त्यांचा हात हातात धरला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, किती दिवस झाले?"

"घशाला? सहा आठवडे होतील. पण आज सुटला बघा, तुमच्यासमोर."

म्हणाले, "हो. घशाला." आणि माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जास्तच जोरात.

१४ ऑगस्ट

सकाळी बाबांकडे गेलो. म्हणालो, "आवाज परत आलाय, तर शब्दही परत घ्या. मी दुसरं व्हायोलिन वाजवेन, शाळेचा विचार सोडलाय."

बाबांनी घशाला हात लावला. कुजबुजले, "गेला परत."

माझ्यामुळेच. काल त्यांना ओरडायला लावलं ना मी! वुआंगीजवळ हळहळलो तर ती हसायला लागली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. तू चांगला आहेस."

निरिनाला फोन लावला. तिचीही माफी मागायची होती. मधेच तोडून म्हणाली, "बाबा, तुम्ही शाळेत होता तेव्हा तरी कुठे दिसायचात? वह्यांच्या ढिगाआड असायचात. आता येता तेव्हा निदान बोलता तरी. जरा जास्तच बोलता."

मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. वुआंगीने वाचलं.

"अडीच पानं माफी आहे. शाळा काढणाऱ्यांची, मुलांची, तुझ्याऐवजी येणाऱ्या मास्तरांचीसुद्धा. नकार कुठंय?"

"शेवटच्या ओळीत."

"तिथे सही आहे."

"तिच्या वर बघ."

"वर उत्तरासाठी तुझ्या बहिणीचा पत्ता आहे."

राहूनच गेला होता. मग तिने पेन घेतलं आणि सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहिलं: 'येऊ शकत नाही, इथे मी हवा आहे.' मला तो स्वर थोडा उद्धट वाटला, पण खाडाखोड नको म्हणून तसंच टाकलं.

२२ ऑगस्ट, अंबोसित्राच्या रस्त्यावर

घाटात व्हॅनचा पट्टा तुटला. त्सिरी आणि ड्रायव्हर खाली गेले, बाकीचे उन्हात. संत्र्यांची टोपली घेऊन जाणाऱ्या एका बाईला हांताने थांबवून घेतलं आणि आता दोघी गातायत.

बाबा माझ्याशेजारी दगडावर येऊन बसले. खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. माझीच पेन्सिल होती, जुलैत काठीने उडवलेली.

"वही काढ," म्हणाले. "लिहून घे. सगळं. माझ्या बापाने दिलेलं, मी आणि रातुवुने जोडलेलं, कुठल्या गावात कुणाचं नाव आधी घ्यायचं, सगळं."

"पण तुम्हीच म्हणाला होतात की कागद नको."

"तुझ्यासाठी सांगतोय. तू विसरशील."

ते खरंच आहे. दोन महिन्यांत एवढं सगळं पाठ कसं होणार? मी लिहायला लागलो. बाबा स्पष्ट, खणखणीत सांगत होते, डोंगराकडे बघत. पाच पानं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आवाजातली खरखर पार गेलीय. मी वर पाहिलं नाही. आपण पाहिलं तर पुन्हा बसेल, असं उगाच वाटलं.

अंबोहिमारिनाच्या यजमानांपाशी आलो. पहिलं नाव, दुसरं, तिसरं, चौथं. बाबा थांबले. खाली त्सिरीने हातोडा ठोकल्याचा आवाज येत होता. बाबांनी माझ्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढे?"

मी पाचवं नाव सांगितलं. सहावं, सातवंही सांगितलं.

"बरोबर," बाबा म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "परीक्षा घेत होतो."

आजही पास झालो.